वाहता गुच्छ

सगळी इमारत आपल्याला पाठीमागे जपूनकाका म्हणते, हे काकांना माहीत नाही असं सगळ्या इमारतीला वाटायचं. त्यांना चांगलं माहीत होतं. पण हरकत घ्यायची म्हणजे कुणाच्या तरी दारावर जाऊन टकटक करायची, आत कुत्रं असलं तर काय घ्या, म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला होता. नाव पडण्याचं कारण साधंच होतं. जिन्यात कुणी भेटलं की त्यांच्या तोंडून आपोआप 'जपून' निघायचं. उतरणाऱ्याला जपून, चढणाऱ्याला जपून, आणि दारात नुसतं उभं राहून पेपर वाचणाऱ्यालाही जपून. घाबरणं हा त्यांचा पूर्णवेळचा धंदा होता, नोकरी त्यांनी जोडीला केली.

नोकरी होती भाषांतर कचेरीत. परका शब्द आला की त्याला आपला शब्द द्यायचा, एवढंच काम, आणि त्या एका कामात मात्र काका वाघ होते. लिफ्टमध्ये ते आयुष्यात कधी चढले नाहीत, पण कचेरीच्या लिफ्टवर 'उद्वाहक' अशीच पाटी लागली पाहिजे म्हणून साहेबांशी भांडले होते. पाटी लागली. त्यानंतर लोक एकमेकांना विचारायचे, "उद्वाहक बंद आहे म्हणजे काय बंद आहे?" आणि काका जिन्याने वर जाता जाता धापा टाकत समजावून सांगायचे.

आता नशीब बघा. या माणसाची एकुलती एक लेक नेमकी लिफ्ट तपासणारी अधिकारी झाली. नोकरी लागल्या लागल्या काका तिचा विसरलेला डबा द्यायचं निमित्त करून तिच्या कामावर गेले. लिफ्टच्या उघड्या दारातून आत डोकावले, तर लेक कुठल्या कुठे वर लिफ्टच्या टपावर उभी. काकांच्या काळजाचं पाणी झालं. त्यांनी तोंड वर करून हाक मारली, "जपून." तो उभा बोगदा. 'जपून, जपून, जपून' करत हाक वर गेली आणि तशीच खाली आली. पुढे कितीतरी महिने लेकीच्या कचेरीतले लोक सकाळी तिला नमस्काराऐवजी जपून म्हणत होते. तेव्हापासून घरात तिच्यापुरती त्या शब्दाला बंदी झाली.

तर या लेकीचं लग्न ठरलं, तेही नोंदणी पद्धतीचं, नुसत्या सह्यांचं. काकूंनी कामं वाटून दिली, म्हणजे सगळी स्वतःलाच दिली. हॉल, जेवण, पाहुणे, कपडे, सगळं. काकांच्या वाट्याला काही आलं नाही. त्याचं त्यांना वाईटही वाटलं आणि त्यांचा जीव भांड्यातही पडला. पण तो जास्त वेळ भांड्यात राहिला नाही. एका संध्याकाळी चहा घेता घेता लेक म्हणाली, "बाबा, माझ्या हातातला गुच्छ तुम्ही निवडायचा."

"मी?" काकांनी कप खाली ठेवला. हातात ठेवला असता तर सांडला असता.

"बाकी सगळं आईने ठरवलंय. एक तरी गोष्ट मला तुमची हवी. तुमचा हात धरून आत यायचंय, तर दुसऱ्या हातात तुम्ही निवडलेली फुलं असू देत. आणि हे बघा, त्या दिवशी तो शब्द नको. सबंध दिवसात एकदाही नको. वचन द्या."

काकांनी वचन दिलं. स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "अगं, फुलांचं माझ्याकडेच राहू दे. यांना नाही झेपायचं. घाबरून जातील."

"घाबरू देत की," लेक म्हणाली. "पण करतील."

ते 'पण करतील' काकांच्या छातीत जाऊन बसलं. आजवर घरात त्यांच्याबद्दल 'राहू दे, मी करते' याखेरीज कुणी काही म्हटलं नव्हतं. आता हेही चुकलं तर लेक सासरी जाताना काय घेऊन जाणार? बापाला एक काम सांगितलं होतं, तेही जमलं नाही, एवढंच. 

गुच्छ म्हणजे फुलं घ्यायची, दांडे जुळवायचे आणि दोरा बांधायचा, अशी काकांची समजूत होती. लेकीने मोबाइलवर चित्रं दाखवली तेव्हा कळलं की गुच्छातही प्रकार असतात. एक चेंडूसारखा गोल. एक नुसते लांब दांडे मुठीत धरायचे असा. एक कोपरावर आडवा घ्यायचा. आणि एक असा की वर फुलं दाट आणि खाली निमुळता होत झऱ्यासारखा लोंबणारा. "यातला कुठला, ते तुम्ही ठरवा," असं म्हणून लेक कुणाच्या तरी लिफ्टचा दोर तपासायला निघून गेली.

काकांनी ही गोष्ट कुणाला सांगायची नाही असं ठरवलं, आणि जिन्यात भेटलेल्या पहिल्याच माणसाला सांगितली. ते होते खालच्या मजल्यावरचे विमावाले. विमावाल्यांचा जन्मच लोकांना संकटं समजावून सांगण्यासाठी होता. काका त्यांच्याशी बोलायला नेहमी घाबरत आणि नेहमी बोलत.

"फुलं?" विमावाले म्हणाले. "काका, फुलात परागकण असतात. जावयाला ऐन सहीच्या वेळी शिंक आली तर? पेन कुठल्या कुठे जाईल. बरं, मधमाश्या. फुलं आली की त्या आल्याच. आणि गुच्छाची तार कधी बघितलीत का? गंजकी असते. टोचली की धनुर्वात. मी घाबरवत नाहीये हं तुम्हाला."

"नाही, नाही," काका म्हणाले. त्यांना घाम फुटला होता.

"आणि एक लक्षात ठेवा. दुकानात लग्न हा शब्द तोंडातून काढायचा नाही. लग्न म्हटलं की भाव दुप्पट. नुसतं 'कार्यक्रम आहे' म्हणायचं."

समोरच्या दारातून निवृत्त मुख्याध्यापिकाबाई बाहेर आल्या. न विचारता सल्ला देणं हा त्यांच्या पेन्शनचाच एक भाग असावा. "कोपरावरचा घेऊ नका," त्या म्हणाल्या. "कडेवर मूल घेतल्यासारखं दिसतं. लग्नाच्या दिवशी ते बरं नाही. लोक फोटो जपून ठेवतात." जपून हा शब्द ऐकून काका उगाचच दचकले.

घरी येऊन काकांनी एकेक प्रकार पारखायला घेतला. काकूंनी भाजी आणली होती. त्यातला फ्लॉवरचा गड्डा काकांनी उचलला, बेडरूमचं दार लोटलं आणि आरशासमोर गड्डा दोन्ही हातांत धरून संथपणे चालून पाहिलं. गड्डा हातातून सुटला, जमिनीवर पडला आणि घरंगळत पलंगाखाली गेला. काका ओणवे होऊन त्याला काठीने बाहेर काढत होते, तेवढ्यात काकू आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, गड्ड्याकडे पाहिलं, आणि "रस्सा करणार होते, आता धुऊन द्या" एवढंच म्हणाल्या. या घरात काकांच्या अब्रूला जास्तीत जास्त एवढीच किंमत होती.

पण प्रयोग वाया गेला नाही. गोल गुच्छ पडला की घरंगळतो, म्हणजे कुणाच्या तरी पायाखाली येणार, कुणीतरी आपटणार. गोल बाद. मुठीतल्या दांड्यांतून पाणी ठिबकतं, फरशी निसरडी होते. तोही बाद. कोपरावरचा बाईंनी आधीच बाद केला होता. राहिला लोंबणारा. तो पडला तरी जागच्या जागी पडेल. अशा रीतीने सगळ्यांत देखणा प्रकार काकांनी निव्वळ भीतीपोटी निवडला.

आता त्याला नाव काय? मोबाइलवर लिहिलेलं परकं नाव काका तोंडात घेणं शक्यच नव्हतं. त्यांनी विचार केला आणि शब्द सापडला तेव्हा ते सबंध आठवड्यात पहिल्यांदा हसले. वाहता गुच्छ. वा. लिफ्ट उद्वाहक, लग्न विवाह, आणि फुलं वाहती. तिन्ही शब्दांचा धातू एकच, वह्. लेकीची नोकरी, लेकीचं लग्न आणि लेकीच्या हातातली फुलं एकाच धातूत बसली होती. त्याच धातूने पुढे घात केला, पण ते तेव्हा कळलं नाही.

दुकानाआधी हॉलवर जावं लागलं, कारण बाहेरची फुलं आणायला परवानगी लागते असं विमावाल्यांनी जाता जाता सांगितलं होतं. हॉलचा व्यवस्थापक बारीक अंगाचा आणि नियमाचा पक्का होता. "गुच्छ कशात मोडतो?" त्याने विचारलं. "सजावट असेल तर आमच्याच ठेकेदाराची लागते. भेटवस्तू असेल तर दारातच टेबलावर ठेवावी लागते, आत नेता येत नाही."

"भेटवस्तू नाही," काका म्हणाले. "नवरीच्या हातात असणार."

"मग पोशाख," व्यवस्थापक म्हणाला. त्याने स्वतःशीच थोडा वाद घातला, की हातातली वस्तू पोशाख कशी, आणि मग हात अंगालाच असतात असा निकाल देऊन शिक्का मारला. "पण पोशाखच आला पाहिजे. दुसरं काही आलं तर दारात थांबवणार." काकांनी मान डोलावली आणि आणखी एक भीती खिशात घालून बाहेर पडले.

दुकान मोठ्या इस्पितळाच्या मागच्या गल्लीत होतं. फुलवाला धिप्पाड माणूस, आवाज मात्र मऊ, कुणाचीही समजूत काढणारा. काका दुकानाच्या पायरीवर आले तेव्हा त्यांचं तोंड सुकलं होतं, हातात घामाने ओला झालेला रुमाल होता आणि डोळे जागरणाने लाल झाले होते. फुलवाल्याने त्यांना न बोलता स्टूल पुढे केलं आणि पाण्याचा ग्लास दिला.

"बोला काका. सावकाश बोला."

"कार्यक्रम आहे," काका म्हणाले. विमावाल्यांची शिकवण त्यांना पाठ होती. "गुच्छ हवाय. वाहता."

"वाहायचा," फुलवाला म्हणाला.

व्याकरण चुकलं होतं. वाहता म्हणजे वाहणारा, आणि वाहायचा म्हणजे फुलं वाहतात तसा, कुणाच्या तरी समोर हात जोडून. एरवी काकांनी समजावून सांगितलं असतं. पण फुलवाल्याच्या हातात भली मोठी कात्री होती, म्हणून ते गप्प बसले. त्या एका वेळच्या गप्प बसण्याने पुढचं सगळं झालं.

"कुणासाठी?"

"मुलीसाठी."

फुलवाल्याने कात्री खाली ठेवली. "वय काय?"

"एकोणतीस."

"फार लवकर हो, काका."

"लवकर कसलं? आमची मंडळी म्हणते उशीरच झाला."

फुलवाल्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला की तो असं बोलतो, हे त्याने धंद्यात पाहिलं होतं. "एकाएकी झालं का?" त्याने हळूच विचारलं.

"छे, दोन वर्षं चाललं होतं. आम्हालाच शेवटी कळलं. शेवटी तीच म्हणाली, बाबा, आता आणखी थांबण्यात अर्थ नाही."

फुलवाल्याने चष्मा काढला आणि पुसला. काकांना तो माणूस फार आवडला. परक्याच्या मुलीच्या लग्नात इतका जीव घालणारा दुकानदार त्यांनी पाहिला नव्हता.

"घर आता खायला उठेल," काकांनी मन मोकळं केलं. "तिची आई खंबीर आहे, सगळं तीच बघते. मला मात्र झोप नाही. ती गेल्यावर काय, हेच डोक्यात येतं."

"येणारच. बापाचं काळीज आहे. रंग?"

"पांढरा. आणि तिच्या अंगावरून खाली आला पाहिजे."

"पायापर्यंत?"

"पायापर्यंत नको. अडखळेल ती."

फुलवाल्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. "कसा करायचा ते माझ्यावर सोडा. पट्टीवर काय लिहू?"

गुच्छाच्या पट्टीवर काही लिहितात हे काकांना माहीत नव्हतं. पण अडाणी दिसण्याची त्यांना मधमाश्यांपेक्षा जास्त भीती होती. त्यांनी डोळे मिटले. लेकीला जे कधी तोंडाने सांगता आलं नव्हतं ते आठवलं. "लिहा," ते म्हणाले. "जिथे जाशील तिथे सुखी राहा. आई-बाबा."

फुलवाल्याने ते लिहून घेतलं आणि पाठ फिरवली. पैशाचं नंतर बघू म्हणाला. काकांनी दिवस आणि हॉलचा पत्ता दिला, तेव्हा रविवारी सकाळी मी स्वतः घेऊन येतो, दुसऱ्या कुणाला पाठवणार नाही, असंही म्हणाला. लग्न शब्द न काढल्याचा केवढा फायदा, असं मनाशी म्हणत काका घरी आले. त्या रात्री त्यांना झोप लागली, आणि झोप कशी लागली या भीतीने ते लवकर उठले.

रविवारी काका सगळ्यांच्या आधी हॉलवर पोचले, फरशी ओली आहे का बघायला. फरशी कोरडी होती. ते वळले, आणि दारात, जिथे नवरानवरीच्या नावांचा फलक लावला होता, त्या फलकाच्या शेजारी त्यांना ते दिसलं.

तिपाईवर उभं केलेलं पुष्पचक्र. ट्रकच्या चाकाएवढं, पांढऱ्याशुभ्र फुलांचं. त्याच्यावर तिरपी पट्टी, पट्टीवर काळी अक्षरं, 'जिथे जाशील तिथे सुखी राहा. आई-बाबा.' आणि त्याच्या बाजूला पांढऱ्या कपड्यात, हात जोडून, मान खाली घालून उभा असलेला फुलवाला.

"धीर धरा काका," फुलवाला म्हणाला. "फोटो कुठे ठेवलाय?"

"फोटो नंतर काढणार आहेत," काकांच्या तोंडून निघालं, आणि मग त्यांना सगळं कळलं. वाहायचा. कुणासाठी. मुलीसाठी. फार लवकर.  लेक पहिल्यांदा पायावर उभी राहिली त्या दिवसापासून, ती रस्ता ओलांडताना, सायकलवरून जाताना, लिफ्टच्या टपावर उभी असताना, त्यांना एकाच गोष्टीची भीती वाटत आली होती. त्या गोष्टीचं नाव त्यांनी कधी मनातसुद्धा घेतलं नव्हतं. आणि आज ती गोष्ट त्यांनी स्वतः जाऊन, पांढरा रंग सांगून, मजकूर देऊन करून घेतली होती आणि लेकीच्या नावाशेजारी उभी केली होती. काकांना रडू आलं. त्यांना पळून जावंसं वाटलं.

"हा पोशाख नाही," मागून व्यवस्थापक म्हणाला. "म्हणून मी दारात थांबवलाय."

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. काकूंचा आवाज आला, आणि त्यावर लेकीचं हसणं. ती खाली उतरली, नटलेली, हातांत चपला घेऊन, आणि वळसा घालून मागच्या दाराने तयारीच्या खोलीकडे गेली. तिने इकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काय, या विचाराने काकांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

"ही कोण?" फुलवाल्याने विचारलं.

"माझी मुलगी."

"दुसरी?"

"एकुलती एक. लग्न आहे तिचं."

फुलवाल्याने मान वर करून पहिल्यांदाच फलकाकडे पाहिलं. चक्राकडे पाहिलं. मग तो धिप्पाड माणूस पायरीवर बसला. त्याची बोबडी वळली होती. "काका," तो कसाबसा म्हणाला, "तुमच्या चेहऱ्यावर लग्न कुठे होतं हो? लग्नाचा एक शब्द तरी बोलायचा. आता मी काय करू? लोक मारतील मला."

आणि इथे एक नवल झालं. आपल्यापेक्षा जास्त घाबरलेला माणूस काकांनी जन्मात पहिल्यांदा बघितला. त्याचे ओठ थरथरत होते, कपाळावर घाम होता. हे सगळं काकांच्या ओळखीचं होतं. यावर काय करतात हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं, कारण ते काम नेहमी काकू करायच्या. मग काकू जसं म्हणायच्या तसं ते म्हणाले, "उठा. रडायला नंतर वेळ आहे. तुमची हत्यारं कुठे आहेत?"

दोघांनी चक्र उचललं आणि मागच्या अडगळीच्या खोलीकडे धावले. व्यवस्थापक हातात वही घेऊन मागे आला. "पण याची नोंद कशात करू?"

"उद्वाहात करा," काका म्हणाले. भाषांतर कचेरीतला आवाज होता तो. उद्वाह म्हणजे लग्नच, पण व्यवस्थापकाने अर्थ न विचारता लिहून घेतलं.

अडगळीच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांमध्ये चक्र ठेवलं. फुलवाल्याचे हात इतके कापत होते की कटर त्याच्या बोटांतून दोनदा पडला. तेव्हा काकांनी तो घेतला. घरात सुरी धुतानासुद्धा स्वतःलाच 'जपून' म्हणणाऱ्या काकांनी चक्राची जाड तार दातओठ खाऊन कापली. तार टोचली, बोटातून रक्त आलं. धनुर्वात, काकांना आठवलं, आणि त्यांनी दुसऱ्या जागी तार कापली. चक्राचा एक तुकडा सुटला. काकांनी तो वरच्या टोकाला धरून उचलला.

फुलं खाली लोंबली. वर दाट, खाली निमुळती, डावीकडे किंचित झुकलेली. दोघंही बघत राहिले. चित्रात होता तसाच, किंवा त्याहूनही बरा.

"वाहता," काका म्हणाले.

"वाहता," फुलवाला म्हणाला. या वेळी व्याकरण बरोबर होतं.

मूठ गुंडाळायला कापड नव्हतं. वेळही नव्हता. होती ती पट्टीच तारेवर गुंडाळली, दोन टोकं खाली सोडली. बाहेर बँड सुरू झाला. काका गुच्छ पाठीमागे लपवत तयारीच्या खोलीच्या दाराशी गेले. बोटाला फुलवाल्याने स्वतःचा रुमाल फाडून चिंधी बांधली होती.

लेकीने गुच्छ घेतला आणि तिचा चेहरा उजळला. "बाबा," ती म्हणाली, "किती सुंदर आहे. तुम्ही निवडला?" तिने तो हातात तोलला आणि उंबऱ्याकडे वळली. उंबरा उंच होता.

"ज," काका म्हणाले.

लेकीने भुवया वर केल्या.

"जड आहे जरा," काका म्हणाले.

ती हसली, त्यांचा हात धरला, आणि ते आत गेले. सगळा हॉल उभा राहिला. काकांचे डोळे मात्र पट्टीच्या त्या दोन टोकांवर होते. एका टोकावर 'जिथे जाशील तिथे' आणि दुसऱ्यावर 'सुखी राहा. आई-बाबा' एवढं दिसत होतं. पुढच्या रांगेतल्या मुख्याध्यापिकाबाईंनी ते मोठ्याने वाचलं आणि डोळ्यांना पदर लावला. विमावाले म्हणाले, "छान कल्पना आहे, मीच सुचवणार होतो." काकांना वाटलं, सुटलो.

पण लेक लिफ्ट तपासणारी होती. कुठलीही वस्तू हातात आली की तिची मागची बाजू बघायची, पत्रा कुणाचा, कारखाना कुठला, ही तिची कामाची सवय. सहीसाठी कागद पुढे यायला वेळ लागत होता. तिने सहज पट्टीचं टोक उलटं केलं. काका समोरच होते. उलट्या बाजूला छापील अक्षरं आहेत हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसलं. चष्म्यातून ती अक्षरं वाचताही आली. 'अंत्यविधीचे सर्व साहित्य मिळेल. शीतपेटी भाड्याने. सेवा अहोरात्र.'

काकांनी डोळे मिटले. संपलं, असं त्यांना वाटलं. डोळे उघडले तेव्हा लेकीने मान खाली घातली होती आणि तिचे खांदे हलत होते. जावई घाबरला, त्याने रुमाल पुढे केला. ते पाहून जावयाच्या आईला भरून आलं. मग मावश्या, मग सगळी पुढची रांग. सह्या घ्यायला आलेले अधिकारीही चष्मा काढून थांबले. शेवटच्या रांगेत पांढऱ्या कपड्यातला एक धिप्पाड माणूस सगळ्यांपेक्षा मोठ्याने हुंदके देत होता, आणि हा मुलीकडचा की मुलाकडचा, हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. लेकीने तोंडावर रुमाल घट्ट धरून सही केली. सहीचं शेवटचं अक्षर कागदाबाहेर गेलं.

निरोपाच्या वेळी लेक गाडीत बसली. काकू खिडकीतून जवळ जवळ आत शिरून सूचना देत होत्या. त्या बाजूला झाल्यावर काका पुढे आले. गुच्छ लेकीच्या मांडीवर होता.

"मागची बाजू वाचली मी," लेक हळूच म्हणाली. तिच्या डोळ्यांत अजून पाणी होतं. ते हसण्याचं होतं की आणखी कशाचं, काकांना सांगता येईना.

"चुकलं गं," काका म्हणाले. "एक काम सांगितलं होतंस. एका शब्दाने घोटाळा झाला. दारात ते पाहिलं ना, तेव्हा मला वाटलं..." 

लेकीने त्यांचा हात खिडकीतून आत ओढला. चिंधीवर रक्ताचा डाग होता. तिने तो बराच वेळ पाहिला. "तार कुणी कापली?"

"मी."

"तुम्ही? कटरने?"

"फुलवाला घाबरला होता," काका म्हणाले. "कुणीतरी कापायला हवंच होतं."

 लेकीने त्यांचं बोट गालाला लावलं आणि सोडलं. जावयाने चालकाला खूण केली, इंजिन सुरू झालं. काका एक पाऊल मागे सरले, ओठ घट्ट मिटून. सकाळपासून तो शब्द त्यांच्या घशात अडकला होता आणि आता तो मावत नव्हता. पण वचन ते वचन.

"थांबा हो जरा," लेक चालकाला म्हणाली. तिने काच पूर्ण खाली केली आणि वाट बघत राहिली. "बाबा, काही राहिलं का सांगायचं?"

"नाही."

"म्हणा आता. मी सांगते म्हणून म्हणा."

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. विमावाले बघत होते, मुख्याध्यापिकाबाई बघत होत्या, सगळी इमारत बघत होती. त्यांचा आवाज फुटेना. मग फुटला, आणि इतका मोठा फुटला की फाटकावर बसलेली कबुतरं उडाली.

"जपून."

लेकीने मान हलवली. तिला बोलता येत नव्हतं. तेव्हा चालकानेच आरशातून काकांकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो काका," आणि गाडी अगदी सावकाश बाहेर काढली.